ऐरोलीत राहून जुनी लाकडी यॉट घ्यावी का, आणि ती सांभाळणं झेपेल का?

घ्या, पण आधी लाकडी बोटीचं काम जाणणारा मेस्त्री शोधा आणि मग बोट. तुम्ही विचारलंय की फायबरची नवी मिळत असताना जुन्या सागवानी शिडाच्या बोटीत एवढं काय आहे आणि मेंटेनन्स किती पडतो. मी बेलापूरला दिवाळे गावात राहतो, आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी सागवानी स्लूप, म्हणजे एका डोलकाठीची शिडाची बोट, ठेवलीय, त्यामुळे रोज हाताखालून जातं तेच सांगतो.

लाकडी बोट जड असते आणि तेच तिचं सुख आहे. दुपारी खारा वारा सुटला की हार्बरमध्ये बारक्या आखूड लाटा उठतात, हलकी फायबरची बोट त्यावर आपटत जाते, लाकडी मात्र कापत जाते, वारा थोडा पडला तरी स्वतःच्या वजनाने पुढे सरकत राहते. इंजिन बंद करून केबिनमध्ये बसा, फळीच्या पलीकडून पाणी सरकताना ऐकू येतं, मला तर त्यासाठीच ती हवी असते. गेटवेसमोर सीझनमध्ये यॉट क्लबच्या सीबर्ड जातीच्या लाकडी बोटी धावतात, त्या एकदा बघून या म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

दुसरं म्हणजे लाकडी बोट कायम दुरुस्त होऊ शकते. एक फळी गेली तर तेवढीच काढून नवी बसवायची, वाक, म्हणजे फळ्यांना आतून धरणारी बरगडी, गेला तर वाक बदलायचा. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने मलबारी सागवानाची बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली, ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतेय. ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागवानात तेल असल्यामुळे खिळाही टिकतो आणि लाकूडही.

आता मेंटेनन्स. सगळ्यांना वाटतं की समुद्राचं खारं पाणी बोट खातं, पण खरा त्रास पावसाचा. लाकूड कुजतं ते बुरशीने, आणि बुरशीला गोडं पाणी लागतं, मिठात ती नीट वाढत नाही. म्हणजे डेकच्या जोडातून, केबिनच्या कोपऱ्यातून, डोलकाठीच्या बुडातून पावसाचं पाणी झिरपून आत साचलं आणि हवा फिरली नाही की कूज सुरू, वरून रंग एकदम झकास दिसत असतो. म्हणून डेक खाऱ्या पाण्याने धुवायचा, सोसायटीच्या नळाचा पाईप लावायचा नाही. मे संपायच्या आत बोट वर घ्यायची आणि शाकारायची, जशा आमच्या गावात होड्या शाकारतात तशीच, फक्त ताडपत्री अंगाला चिकटवून घट्ट बांधू नका, खालून वारा जायला हात-दीड हात जागा सोडा आणि आतली सगळी झाकणं, कपाटं, तळातल्या फळ्या उघड्या ठेवा. कोळी मंडळी नारळी पौर्णिमा झाली की निघतात, यॉटवाल्यांचं ऑक्टोबरशिवाय हलत नाही, तोपर्यंत दर रविवारी जाऊन आत वास घेऊन यायचं, कुबट वास आला की कुठेतरी पाणी आहेच.

पाण्याखालचा शत्रू वेगळा, लाकूड पोखरणारा किडा, खरं तर शिंपल्याच्याच कुळातला जीव. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतच मोठा होतो, बाहेरून काहीच दिसत नाही. त्यावर उपाय एकच, दर सीझनला तळ खरवडून तांब्याचा अँटीफाउलिंग रंग, म्हणजे तळाला किडे-शेवाळ धरू न देणारा, आणि कुठेही ओरखडा पडून उघडं लाकूड दिसलं की लगेच टचअप. वॉर्निशचं म्हणाल तर आपल्या उन्हात ते वर्षभर टिकेल ही आशा सोडा, सुरुवातीला सहा-सात हात आणि मग दर सीझनला घासून दोन हात, तेही सकाळी दव सुकल्यावर. हे काम तुम्ही स्वतः शिकू शकता. फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोकून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं मात्र मेस्त्रीचं काम, कापूस कमी झाला तर बोट गळते, जास्त ठोकला तर फळी फुगल्यावर खिळे ओढते. असं काम करणारे हात आता कमी उरलेत, म्हणून म्हटलं आधी मेस्त्री. कुणी म्हणेल वरून फायबर चढवून देतो, कटकट मिटेल, तर जुन्या फळ्यांच्या बोटीला ते करू देऊ नका. लाकूड फुगतं-आकसतं, फायबर हलत नाही, मध्ये ओल अडकते आणि आतून बोट जाते.

आणि हो, पावसाळाभर कोरडी राहिलेली बोट पाण्यात उतरवली की पहिल्या दिवशी गळणारच, घाबरू नका. पंप लावून रात्रभर कुणीतरी थांबायचं, फळ्या फुगल्या की आपोआप बंद होतं. दोन-तीन दिवसांनीही बंद झालं नाही तर मात्र बोट परत वर.

तुमची एक अडचण आमच्यापेक्षा जास्त आहे. ऐरोलीहून हार्बरला यायचं तर वाशीचे पूल आडवे येतात. भरतीला पुलाखाली उंची कमी, ओहोटीला खाडीत गाळ, मधली वेळ साधायची तर डोलकाठीची उंची आणि बुडाची खोली दोन्ही आधी मोजा. मी असतो तर बोट पुलांच्या दक्षिणेलाच ठेवली असती, ट्रेनने तासाभरात पोचता येतं.

बघायला जाल तेव्हा बोट वर काढलेलीच बघा, पाण्यातली बघून पैसे देऊ नका. एक हलकी हातोडी आणि बारीक पेचकस न्या, फळी-फळीवर टकटक करा, चांगलं सागवान खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे मालकाला विचारून पेचकसाचं टोक दाबा, आरामात आत गेलं तर ती फळी बदलायचा खर्च धरून भाव करा. एक-दोन फळ्यांनी काही बिघडत नाही. तळाच्या मधल्या कण्यात किंवा नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, मोठ्या लाकडात टोक गेलं तर मात्र कितीही स्वस्त देत असला तरी नको म्हणा.