फोटोपेक्षा बोलणं महत्त्वाचं मानणाऱ्या मुलीसाठी स्थळ बघताना

"दिसायला कसाही चालेल, पण बोलायला मजा आली पाहिजे," असं मुलीनं सांगितलं की न्यू जर्सीतले आईबाबा विवाहसंस्थेच्या साइटवर शिक्षणाच्या रकान्यात 'एमएस, पीएचडी' निवडून मोकळे होतात. गडबड इथूनच सुरू होते. माणूस मत कसं बनवतो आणि चूक दिसली तर ते बदलतो का, हे बायोडाट्यात नसतं. मुलगी शोधतेय ते नेमकं तेच.

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३८३ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरातल्या नव्वदांपेक्षा हुशार जोडीदार सर्वांत हवासा वाटला. नव्याण्णवांपेक्षा हुशार म्हटल्यावर आकर्षण उलट थोडं उतरलं. तेव्हा 'आयआयटीचाच हवा' हा हट्ट बहुधा आपलाच असतो.

पहिला व्हिडिओ कॉल ४०-४५ मिनिटांचा ठेवा, आणि खोलीत तुम्ही नको. वेळही बघून ठरवा. न्यू जर्सीत रात्रीचे दहा म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात सकाळचे साडेसात; ऑफिसच्या घाईतला मुलगा कोणालाही मठ्ठच वाटेल. त्यापेक्षा शनिवारी तुमच्याकडे सकाळी नऊ, तिकडे संध्याकाळी साडेसहा बरे. (हिवाळ्यात तिकडे साडेसात होतात.)

'छंद काय?' या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'गेल्या वर्षात कशाबद्दल मत बदललं? कशामुळे?' असं मुलीनं विचारावं, आणि स्वतःचंही सांगावं, नाहीतर नोकरीची मुलाखत होते. थोडं मराठीत, थोडं इंग्रजीत बोलावं. अमेरिकेत वाढलेल्या मुलींची इथे हमखास फसगत होते: सफाईदार इंग्रजी बोलणारा हुशार वाटतो, अडखळणारा सामान्य.

दुसऱ्या कॉलमध्ये मतभेदाचा विषय काढावा. आईवडिलांची म्हातारपणी सोय कुठे करायची, हा चांगला. तो उलट प्रश्न विचारतो का, की लगेच निकाल देतो? आणखी एक सापळा म्हणजे टोमणे. हजरजबाबी माणूस दोन कॉल छान रंगवतो, पण प्रत्येक विनोद कुणाला तरी खाली दाखवून होत असेल तर सावध व्हा.

रूपाला महत्त्व कमी म्हणजे शून्य नव्हे. पडद्यावर गप्पा रंगल्या म्हणून शेजारी बसल्यावर ओढ वाटेलच असं नाही, आणि ती 'लग्नानंतर येईल' यावर विसंबू नका. तिकीट काढा, दोघांना घरच्यांशिवाय निदान दोनदा भेटू द्या. साखरपुड्याचा हॉल त्यानंतर बुक करा.