प्रार्थनेची विनंती की चहाडी?

कॅनडातल्या मिसिसागाच्या ताई, तुमच्या लांबलचक पत्रातली एकच गोष्ट मी धरणार आहे, बाकीचं शेवटी बघू.

तुम्ही लिहिता, "आमच्या चर्चमधल्या ओळखीच्या घरातला मुलगा गर्लफ्रेंडबरोबर राहायला गेला. मी घरात एवढंच म्हटलं की हे बरोबर नाही, तर मुलगी म्हणते, मम्मी डोन्ट जज, येशूनेच सांगितलंय. मी गप्प बसले." आणि लगेच पुढच्या ओळीत, "प्रेयर ग्रुपवर मात्र प्रार्थनेसाठी विनंती टाकली, नाव न घेता." अहो ताई, नाव न घेता! तिथे आपली मराठी ख्रिस्ती घरं असून असून किती, त्यातली नगरकडची किती, आणि त्यात नुकता नोकरीला लागलेला मुलगा कोणाकोणाचा? संध्याकाळपर्यंत नगरला त्याच्या आजीला फोन गेला असणार.

आधी मुलीचं. तिचं अर्धं बरोबर आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ७व्या अध्यायातलं पहिलं वचन, दुसऱ्याचे दोष काढू नका हे, आपल्या सगळ्या मुलांना येतं, संडे स्कूलचं बाकी काही आठवो न आठवो. पण तिला म्हणावं, तोच अध्याय पुढे वाच. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल, असं ५व्या वचनात आहे, म्हणजे कुसळ काढायचंय हे धरलेलंच आहे. १५व्या वचनापासून खोट्या संदेष्ट्यांचं येतं, त्यांना फळांवरून ओळखा म्हणून, आता पारखच करायची नाही तर ओळखणार कसं? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ५व्या अध्यायात तर बरंवाईट कळणं हे प्रौढ माणसाचं लक्षण सांगितलंय, सरावाने येणारं. तेव्हा घरात "हे बरोबर नाही" म्हणालात त्यात काही चुकलं नाही.

मी रागावलेय ती ग्रुपसाठी. हे माझं नेहमीचं पालुपद आहे, वाचणाऱ्यांना पाठ झालं असेल, तरी परत म्हणते. मत्तय १८, वचन १५. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा, तो आणि तू दोघंच असताना. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्यांना सांग. तुम्ही सुरुवातच मंडळीपासून केलीत, तीही हात जोडलेला इमोजी लावून!

माझे वडील नगरला मंडळीचे पंच होते. कोणी कोणाची तक्रार घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "त्याला भेटलात का?" नाही म्हटलं की आईला चहा टाकायला सांगायचे आणि यंदा पाऊस कसा ओढ देतोय त्यावर बोलत बसायचे. आई आतून चिडायची, तिला ऐकायचं असायचं ना. पण निम्म्या तक्रारी त्या चहावरच मिटायच्या, कारण तोंडावर जाऊन बोलायचं म्हटलं की लोकांना एकदम आठवायचं, आपल्याला तरी कुठे सगळं माहितीय.

तुम्हाला तरी माहितीय का? कदाचित रजिस्टर लग्न करून बसली असतील दोघं. मुलगा लहानपणापासून तुमच्या हातचं जेवलाय, त्याला बोलवा, मटण करा, आणि जेवणं झाल्यावर त्याला एकट्याला विचारा. ती मुलगी आपल्या विश्वासातली नसेल तर तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात साफ लिहितो की बाहेरच्यांचा न्याय देव करील, आणि तेही कुठे, तर एकाने बापाची बायको ठेवली म्हणून आतल्यांवर तो कडाडलाय त्याच अध्यायात. माझ्या पुतण्याचं असंच झालं होतं तेव्हा आमचे मिस्टर त्याला गाडीत घालून कुठेतरी घेऊन गेले, दोघं काय बोलले ते मला आजतागायत कळलेलं नाही, मी विचारून विचारून थकले.

आणि एका भेटीत सगळं सरळ होईल अशी आशा धरू नका. आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. पाच वर्षं गेली ना मधे, तीही एकाच घरातल्या दोघांत.

आता उरलेलं. तुमचे मिस्टर यूट्यूबवरच्या संदेष्ट्याला दर महिन्याला डॉलर पाठवतात, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, खरी पारख तिथे करायची होती ताई! पैशाचं पुढे काय होतं, हिशेब कुठे मिळतो, एवढं त्यांनाच विचारायला लावा. धाकट्याचं मराठी येईल, आजीशी रोज बोलू दे. आणि सासूबाई डिसेंबरात येतायत तर थर्मल आत्ताच घेऊन ठेवा, नंतर त्यांच्या मापाचे मिळत नाहीत.