दांड्या फुल, नेट गुल

प्रश्न : नमस्कार. फोनवर ४जी लिहिलेलं असतं, दांड्या पण फुल, तरी संध्याकाळी व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत बसतो. आणि कुणाचा कॉल आला की ४जी जाऊन तिथे ई येतं आणि नेट बंदच पडतं, कॉल ठेवला की थोड्या वेळाने परत ४जी. ५जी फोन घेतला तर हे सगळं सुटेल का?

उत्तर : आधी दांड्यांचं बघू, निम्मा घोळ तिथेच आहे. त्या दांड्या टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय एवढंच सांगतात (आणि किती जोरात म्हणजे किती दांड्या हे पण प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्यामुळे दोन फोन शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही). टॉवरकडे तुमच्यासाठी जागा किती शिल्लक आहे ते त्यात कुठेच दिसत नाही. जेवढी बँडविड्थ (म्हणजे डेटा न्यायची जागा) आहे ती त्या भागातल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते, ४जीत तर दर मिलिसेकंदाला टॉवर ठरवत असतो की आता कुणाला किती द्यायचं, आणि संध्याकाळी सगळेच व्हिडिओ लावून बसले की तुमच्या वाट्याला कितीसं येणार!

आता कॉलचं. मोबाइल नेटवर्क मुळात बोलण्यासाठीच बनलं, १९७९ मध्ये टोकियोत सुरू झालेलं पहिलं १जी असो की १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेलं जीएसएम, म्हणजे २जी. जीएसएममध्ये एका फ्रिक्वेन्सीचे वेळेनुसार आठ भाग करतात आणि कॉल लागला की त्यातला एक तुमच्या नावावर राखून ठेवतात, तुम्ही गप्प बसलात तरी तो दुसऱ्याला मिळत नाही. सुरुवातीला इंटरनेट पण असंच जागा अडवून चालायचं, स्पीड ९.६ केबीपीएस, म्हणजे एक फोटो यायला किती वेळ लागत असेल बघा. मग जीपीआरएस आलं आणि डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, करून पाठवायला लागले, पाठवायचं असेल तेव्हाच जागा घ्यायची नाहीतर सोडून द्यायची. माझ्या मते खरी उडी हीच, पुढचा सगळा वायरलेस इंटरनेट या एका बदलावर उभा आहे.

डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ओस्लोत ४जी सुरू झालं तेव्हा राखीव जागेची भानगड पूर्णच काढून टाकली, फक्त पॅकेट. पण मग बोलायचं कसं? तर कॉल आला की फोनला तात्पुरतं जुन्या नेटवर्कवर ढकलायचं. तुमच्या फोनचं तेच होतंय. ई म्हणजे २जीच, आणि त्यावर बहुतेक फोनना कॉल आणि नेट एकदम जमत नाही. सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टी (VoLTE, म्हणजे ४जीवरून कॉल) चालू आहे का बघा, त्यात बोलणं पण पॅकेटमधूनच जातं, कॉल ४जीवरच राहतो आणि लागतो पण पटकन. फोन आणि कंपनी दोघांकडे ती सोय हवी मात्र.

म्हणजे कॉलच्या त्रासासाठी नवा फोन घ्यायलाच हवा असं नाही. गर्दीसाठी ५जीचा उपयोग होऊ शकतो, कारण ४जीचा एक चॅनल जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झचा असतो आणि ५जीत ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास तो १०० पर्यंत जातो. पण तुमच्या भागात ५जी खालच्या बँडवर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, असेल तर ४जीपेक्षा फार फरक जाणवणार नाही, आणि एकदम वरचा बँड वेगाने जबरदस्त असला तरी भिंत आडवी आली की संपलं. तेव्हा आधी कुणाचा तरी ५जी फोन मागून घ्या, संध्याकाळी तुमच्या नेहमीच्या जागी बसून बघा, मग ठरवा.

प्रश्न : मराठीत छोटासा एसएमएस लिहिला तरी दोन मेसेज का धरतात?

उत्तर : एका एसएमएसमध्ये १४० बाइटच, म्हणजे ११२० बिट, मावतात. रोमन अक्षरं सात-सात बिटांत बसतात म्हणून १६० होतात, देवनागरीला प्रत्येकी १६ बिट लागतात म्हणून ७०च, आणि काना-मात्रा-वेलांट्या पण वेगळ्या मोजल्या जातात. इंग्रजी मेसेजमध्ये एक इमोजी टाकला तरी १६० चे ७० होतात बरं का.