कागद पडून राहतो तेव्हा

प्रिय दोस्ता,

तुझा आराखडा वरच्यांनी बाजूला ठेवला, हे कळलं. राग येणारच. पण राजीनामा खरडण्याआधी अमेरिकी नौदलातल्या चार्ल्स मॉमसेन यांच्याबद्दल वाच.

१९२५ साली एस-५१ ही पाणबुडी जहाजाच्या धडकेने बुडाली. आपली एस-१ घेऊन मॉमसेन शोधायला गेले, तर पाण्यावर फक्त तेलाचा तवंग. खाली कुणी जिवंत असतं तरी वर आणायला साधनच नव्हतं. मग त्यांनी एक पोलादी घंटा कागदावर उतरवली. तळाशी उघडी, काठाला रबर. पाणबुडीच्या झाकणावर घट्ट बसवायची, हवेच्या दाबाने पाणी बाहेर काढायचं आणि झाकण उघडायचं. प्रस्ताव नौदलाच्या खात्याकडे पाठवला, वर्ष उलटलं तरी उत्तर नाही. पुढे त्यांची बदली नेमकी त्याच खात्यात झाली, तर स्वतःचाच प्रस्ताव तिथे धूळ खात पडलेला!

डिसेंबर १९२७ मध्ये एस-४ बुडाली. पुढच्या कप्प्यात सहाजण जिवंत होते. ते आतून ठोके देऊन डायव्हरना विचारत होते, काही आशा आहे का? वादळ हटेना. चाळीसच्या चाळीस गेले.

त्यानंतर मॉमसेन यांनी दोन सहकाऱ्यांना घेऊन वेगळंच काम काढलं. बुडालेल्या पाणबुडीतून माणसाला स्वतःच वर येता यावं म्हणून छातीवर अडकवायची रबरी पिशवी, तिच्यात प्राणवायू, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडा लाइम, नाकाला चिमटा. चाचण्या स्वतःवरच घेत सुमारे २०० फुटांपर्यंत गेले. (तू जीव धोक्यात घालावास असं मुळीच म्हणत नाही.) पण चित्रावर शेरा मारणं सोपं असतं, तेवढ्या खोलातून धडधाकट वर आलेल्या माणसावर काय मारणार?

घंटाही अखेर बनली. सुधारणा ॲलन मॅकॅन यांनी केल्या, नावही त्यांचंच लागलं. मे १९३९ मध्ये स्क्वेलस ही पाणबुडी २४३ फुटांवर अडकली, तेव्हा डायव्हरांची सूत्रं मात्र मॉमसेन यांच्याकडे होती. घंटेच्या फेऱ्यांमधून सात, नऊ, नऊ आणि आठ जण वर आले. चौथ्या फेरीत पोलादी दोर उसवत गेला, शेवटी हातांनी ओढावं लागलं. तेहतीस माणसं वाचली.

श्रेयासाठी भांडायचं तर भांड, माझी हरकत नाही. फक्त काम थांबवून नको.

आराखड्यातला सगळ्यांत लहान भाग निवड, या महिन्यात बनवून मोडून बघता येईल असा. मग मला आकडे पाठव. चित्र नको, ते मी पाहिलंय.