‘ओपन’ शिकवताना: ‘ओपन द लाइट’ कुठून येतं?

चिनी विद्यार्थ्यांना नव्यानेच इंग्रजी शिकवत असाल तर ‘ओपन द लाइट’ पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. कारण सरळ आहे. चिनीत दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं, मीटिंग घेणं, इतकंच काय, पाणी उकळणं, सगळ्याला एकच क्रियापद: ‘खाय’. (आपण तरी काय, दिवा लावतो म्हणजे चालू करतो आणि दार लावतो म्हणजे बंद!)

खूण ही द्या: झाकण, पान किंवा फट असेल तर ‘ओपन’, बटण असेल तर ‘टर्न ऑन’. फाइल ‘ओपन’, पण कॉम्प्युटर ‘टर्न ऑन’. ‘ओपन द कॉम्प्युटर’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, स्क्रू काढायचेत. गाडीला ‘ड्राइव्ह’, मीटिंगला ‘हॅव’. सर्वनाम मात्र मध्येच येतं: ‘टर्न इट ऑन’, ‘टर्न ऑन इट’ चूक.

खरी अडचण पुढे आहे. दुकान बंद असेल तर ‘इज क्लोज्ड’, म्हणून मुलं उघड्या दुकानाला ‘इज ओपन्ड’ लावतात. तिथे ‘इज ओपन’ हवं. ‘ओपन्ड’ म्हणजे उघडण्याची क्रिया: ‘द शॉप ओपन्ड ॲट नाइन’. ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, नियम नंतर सांगा.