प्लगिनची माहिती क्यूजीआयएसच्या प्रोजेक्ट फाइलमध्येच कशी ठेवावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईत पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांच्या पाहणीसाठी तुम्ही पायथनमध्ये क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरसाठी प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहिलंय. कुठली लेयर (नकाशावरचा माहितीचा थर) पाहणीची, कुठला वॉर्ड निवडलाय, हे दादरच्या ऑफिसातल्या मशीनवर नीट लक्षात राहतं, पण तोच प्रोजेक्ट अंधेरीच्या सहकाऱ्याने उघडला की सगळं कोरं. शिवाय ही माहिती वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यायला नकोय.

सगळं कोरं होण्याचं कारण क्यूसेटिंग्ज, म्हणजे सेटिंग्ज साठवणारा क्लास. ते त्या मशीनवरच्या युजर प्रोफाइलमध्ये लिहितं, प्रोजेक्टशी त्याचा काही संबंध नाही. डायलॉगचा आकार किंवा शेवटी उघडलेला फोल्डर तिथे खुशाल ठेवा. प्रोजेक्ट व्हेरिएबल हा दुसरा पर्याय फाइलबरोबर जातो खरा, पण तो प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या व्हेरिएबल्स टॅबमध्ये उघड दिसतो आणि कोणीही बदलू शकतो.

तुम्हाला हवंय ते क्यूजीएसप्रोजेक्टचं, म्हणजे उघडलेला प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या क्लासचं, राइटएन्ट्री हे फंक्शन. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: स्कोप म्हणजे तुमच्या प्लगिनचं नाव, मग की म्हणजे नोंदीचं नाव, मग व्हॅल्यू म्हणजे साठवायची माहिती. हे सगळं फाइलच्या एक्सएमएलमध्ये प्रॉपर्टीजच्या भागात जाऊन बसतं. की मध्ये स्पेस नको आणि तिची सुरुवात आकड्याने नको, कारण अशी की फाइलमध्ये लिहिली जाईलच याची खात्री नाही. स्कोप आणि की रोमन अक्षरांत ठेवा. व्हॅल्यू मराठीत असली तरी चालते.

वाचताना रीडएन्ट्री पायथनमध्ये टपल, म्हणजे दोन गोष्टींची जोडी, परत करतं: आधी व्हॅल्यू, मग ती वाचता आली की नाही याचा बूल (हो किंवा नाही). दोन्ही वेगवेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या. हो-नाहीसाठी राइटएन्ट्रीबूल आणि दशांशासाठी राइटएन्ट्रीडबल अशी वेगळी फंक्शन्स आहेत. माझं मत विचाराल तर दहा वेगळ्या की करण्यापेक्षा एक डिक्शनरी जेसनमध्ये, म्हणजे ठरावीक रचनेच्या मजकुरात, बदलून एकाच की खाली ठेवा आणि तिच्यात रचनेचा आवृत्ती क्रमांक पहिल्या दिवसापासून घाला. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही रचना बदलाल तेव्हा जुने प्रोजेक्ट ओळखता येतील. लेयरची नोंद मात्र नावाने करू नका, आयडीने करा. लेयरचं नाव कोणीही बदलतं.

राइटएन्ट्रीने लगेच डिस्कवर काही जात नाही. प्रोजेक्ट सेव्ह न केलेला म्हणून खुणावला जातो, बाकी काम वापरणाऱ्याच्या सेव्हवर. तसंच, दुसरा प्रोजेक्ट उघडला तरी क्यूजीएसप्रोजेक्टचा इन्स्टन्स तोच राहतो. म्हणून रीडप्रोजेक्ट (प्रोजेक्ट वाचताना येणारा) आणि क्लिअर्ड (प्रोजेक्ट रिकामा झाल्यावर येणारा) हे दोन सिग्नल तुमच्या फंक्शन्सना जोडा: पहिल्यावर माहिती वाचायची, दुसऱ्यावर मेमरीतली पुसायची. नाहीतर एफ उत्तर वॉर्डची निवड के पश्चिम वॉर्डच्या नकाशावर येऊन बसेल. अनलोडमध्ये, म्हणजे प्लगिन बंद होताना, दोन्ही सिग्नल सोडवायला विसरू नका.

काही जण राइटप्रोजेक्ट सिग्नल पकडून एक्सएमएलमध्ये थेट स्वतःचा टॅग घालायला सांगतील. कृपया त्या वाटेला जाऊ नका. सेव्ह करताना क्यूजीआयएस ते एक्सएमएल पुन्हा नव्याने लिहितं. ज्याच्याकडे तुमचं प्लगिन नाही त्याने प्रोजेक्ट उघडून नुसता सेव्ह केला तरी तुमचा टॅग गेला. राइटएन्ट्रीची नोंद अशा वेळी टिकते, कारण ती क्यूजीआयएस स्वतःच वाचतं आणि परत लिहितं. तुमच्या फाइलसारखी एखादी फाइल चार हातांतून फिरणार असेल तर माझ्या लेखी निर्णय इथेच होतो.

एखाद्याच लेयरशी बांधलेली माहिती त्या लेयरच्या सेटकस्टमप्रॉपर्टीने ठेवता येते. पण लेयर डुप्लिकेट केली की ती प्रतीबरोबर जाते, आणि सगळ्या कॅटेगरींसह स्टाइल दुसरीकडे पेस्ट केली तरी जाते. म्हणून व्हॅल्यूमध्ये मूळ लेयरचा आयडीही ठेवा आणि वाचताना जुळवून बघा.

हिंदमाता किंवा मिलन सबवेला किती पाणी होतं, पंप चालू होता का, या नोंदी मात्र यात कोंबू नका. त्या पाहणीच्या नोंदी आहेत, त्यांची जागा जिओपॅकेज या डेटा फाइलच्या टेबलात, जिथे सगळ्यांना दिसतील आणि शोधता येतील. मोठी फाइल प्रोजेक्टसोबत द्यायचीच असेल तर ३.२२ पासून क्रिएटअटॅच्डफाइल आहे, ते वापरा.

आणि लपवलेलं म्हणजे सुरक्षित नव्हे. क्यूजीझेड प्रोजेक्ट फाइल ही साधी झिप आहे. ती उघडून आतली क्यूजीएस, म्हणजे एक्सएमएलची फाइल, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआय की इथे अजिबात नको, त्यासाठी क्यूजीआयएसची ऑथेंटिकेशन व्यवस्था आहे.

झालं की एक चाचणी नक्की करा. प्लगिन नसलेलं नवीन युजर प्रोफाइल बनवा, त्यात तुमचा प्रोजेक्ट उघडा, एखादा रंग बदलून सेव्ह करा आणि परत तुमच्या प्रोफाइलमध्ये उघडा. तरीही निवड जागेवर नसेल तर की चं नाव आणि रीडएन्ट्रीची ओळ इथे टाका, मी बघतो.