पाऊस पडत असताना बाहेर पड

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला होता, मी सकाळी वाचला आणि दुपारी परत एकदा वाचला. जमीन घेऊन तुला तीन महिने झाले आणि तेवढ्यात तू डोक्यात पाच घरं बांधून पाडलीस. आधी मातीच्या गोण्यांचा घुमट, मग कंटेनर, मग पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं घर, मग टायरचं, आता ठोकलेल्या मातीच्या भिंती. आणि शेवटी दोन ओळीत, जसं काही ते किरकोळच आहे, की रात्री काहीतरी येतं आणि कोंबडी नेतं, शेजारचे म्हणतायत बंदूक घेऊन टाक, घेऊ का काका?

दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते तुला आवडणार नाही. आधी बघ. एक अख्खं वर्ष, सगळे ऋतू, नुसतं बघ. तंबू ठोक, पत्र्याची शेड टाक, जुनी व्हॅन उभी करून तिच्यात झोप, काय वाट्टेल ते कर, पण पाया खणू नकोस.

वर्ष फुकट जाईल म्हणशील. मीही अगदी तेच म्हणालो होतो, याच शब्दांत, तुझ्या काकूला.

आम्ही जमीन घेतली ती भर उन्हाळ्यात. उताराच्या पायथ्याशी एक सपाट तुकडा होता, वरून पाय सोडून बसावं असा दगड, मागे झाडी, मला तिथेच घर दिसायला लागलं. काकू तिथल्या झुडपांजवळ वाकून बराच वेळ काहीतरी बघत होती. म्हणाली, अहो, हे बघा, काडीकचरा सगळा एकाच बाजूने अडकलाय बुंध्यांना, इथून पाणी जात असणार. मी म्हटलं वाऱ्याने आला असेल. वाऱ्याने! वारा काय सगळ्या काड्या एकाच उंचीवर लावून ठेवतो का, पण तेव्हा माझ्या हातात नकाशा होता आणि नकाशा हातात असलेल्या माणसाला झुडूप दिसत नाही.

चार महिन्यांत घर उभं केलं. माती, वाळू, पेंढा पायांनी तुडवून थरावर थर रचत गेलो, भिंती दीड फूट जाड, दिसायला इतक्या देखण्या की मी रोज संध्याकाळी त्यांच्यावरून हात फिरवायचो. जोतं मात्र वीतभर. पहिला पावसाळा कोरडाच गेला तेव्हा मी काकूला ऐकवलंही. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री मागच्या भिंतीला लागून घोटाभर पाणी सहा तास वाहत होतं, नुसतं वाहत होतं, काही जोर नाही, आवाज नाही. पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर भिंतीचा खालचा हातभर भाग गाऱ्यासारखा मऊ झालेला. बोट घातलं तर आत गेलं. आणि मग ती भिंत बसली. पडली नाही हं, बसली, दमलेली म्हैस बसते तशी, हळूच, एका बाजूने.

आता तू म्हणशील मग काका एवढे शहाणे तर थांबले का नाहीत. थांबलो नाही कारण बिनपगारी सुट्टी संपत आली होती, हाताखाली चार माणसं होती जी पुढच्या वर्षी मिळाली असती की नाही देव जाणे, भाड्याच्या घराचा करार संपत होता. ही कारणं खरी आहेत, मी आजही ती मागे घेत नाही, तुझ्याकडेही अशीच खरी कारणं असतील. पाण्याला त्याचं काही नसतं एवढंच.

तू विचारतेस कुठलं तंत्र चांगलं. अगं, हा प्रश्नच शेवटचा आहे, तू तो पहिला करून बसलीयस. मातीचं घर टिकतं की नाही याची चर्चा करण्यात अर्थ नाही. येमेनमधलं शिबाम बघ, मातीच्या विटांच्या पाच-सहा-सात मजली इमारती, बऱ्याचशा सोळाव्या शतकातल्या, १९८२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं ते गाव. शेकडो वर्षं उभं आहे, आणि २००८ च्या ऑक्टोबरात तिथल्या एरवी कोरड्या असलेल्या नदीपात्राला पूर आला तेव्हा नुकसान झालंच. माती वाईट म्हणून नाही, पाणी खालून आलं म्हणून. इंग्लंडात डेव्हनकडे मातीची जुनी घरं आहेत, भरपूर पावसाच्या मुलखात, तिथले लोक म्हणतात घराला बूट चांगले द्या आणि टोपी चांगली द्या. म्हणजे जोतं दगडाचं आणि उंच, निदान दीड-दोन फूट, आणि छपराची वळचण चांगली दोन फूट बाहेर, म्हणजे पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडेल आणि उडालेला चिखलही भिंतीला लागणार नाही. बूट केवढे उंच हवेत हे पुस्तकातून कळत नाही. पावसात उभं राहूनच कळतं.

बाकीचे प्रकार पटापट सांगतो. कंटेनरचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर आणि त्या पन्हळी पत्र्यावर असतो, तू खिडक्यांसाठी पत्रा कापलास की नवीन फ्रेम वेल्ड करावी लागते, शिवाय उन्हात भट्टी आणि थंडीत आतून घाम, म्हणजे इन्सुलेशन आलं, म्हणजे स्वस्त कसलं. टायरमध्ये माती ठोकून केलेली घरं मायकल रेनॉल्ड्स या आर्किटेक्टने अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या ताओसला उभी केली, कोरडं कडक ऊन आणि थंड रात्री, तिथे ती शोभतात, तेच डिझाईन उचलून दमट हवेत नेलं की बुरशी. पेंढ्याचे गठ्ठे फार छान, उबदार, गिलावा नीट असेल तर आगीलाही पटकन दाद देत नाहीत, फक्त ते बांधताना आणि नंतर कायम कोरडे राहायला हवेत, आणि तुझ्याकडे पाऊस कुठल्या बाजूने तिरपा येतो हे तुला आज माहीत नाही. गोण्यांच्या घुमटात नादेर खलिली या इराणी-अमेरिकन आर्किटेक्टने थरांच्या मध्ये काटेरी तार घालायची युक्ती काढली ती भारीच आहे, पण त्या प्लॅस्टिकच्या गोण्या उन्हात काही महिन्यांत विरतात, म्हणजे भरल्या की लगेच लिंपायला हव्यात. सगळ्या तंत्रांना काही ना काही अट आहे आणि ती अट तुझी जमीन पुरी करते का हे बघायलाच तर वर्ष हवं.

वर्षभर करायचं काय, नुसतं बसायचं का, असंही विचारशील. कर की काम! काचेची उभी बरणी घे, वरची मुळ्यांची काळी माती बाजूला सारून खालची माती तिच्यात तिसरा हिस्सा भर, पाणी घाल, चिमूटभर मीठ टाक, खूप हलव आणि ठेव. वाळू मिनिटभरात बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती बसायला दिवस किंवा जास्तच लागतो. मग थर मोज. असं जमिनीच्या पाच-सहा ठिकाणी कर, शंभर पावलांवर माती बदलते. मग वेगवेगळ्या प्रमाणात विटा पाड, प्रत्येकीवर खिळ्याने नंबर कोर, वाळू दे. भेगा पडल्या तर चिकणमाती जास्त झाली, वाळू वाढव, पेंढा वाढव. हाताने चुरा होत असेल तर उलटं. मग त्या विटा पावसात ठेव आणि बघ कुठली किती दिवस दम धरते.

२१ जूनच्या आणि २२ डिसेंबरच्या आसपास दुपारी जमिनीत काठी रोवून सावलीच्या टोकाला खुंटी मार. त्या दोन खुंट्यांमधलं अंतर बघितलंस की खिडकीवरचा छज्जा केवढा हवा हे कुणाला विचारायची गरज नाही.

आणि विहिरीचं पाणी दोरीने मोज, दर पंधरवड्याला, वहीत लिही. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान ३० मीटर लांब आणि त्याचा तळ भूजलाच्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा निदान दीड मीटर वर, हा आकडा तुला कुठेही मिळेल. पण तुझ्या जमिनीत ती सगळ्यात वरची पातळी कुठे येते, ते पावसाळा सरताना दोरी सोडल्याशिवाय कोण सांगणार? मी? मी तुझी जमीन बघितलेली पण नाही.

एक अजून, कुणी बाहेरून सिमेंटचा गिलावा कर, कटकट मिटेल म्हणालं तर त्याला चहा दे आणि घरी पाठव. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटला केसभर चीर पडते, तिथून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. माझ्या पुढच्या भिंतीला मी केलं होतं, तीन वर्षं टकाटक, मग एकदा सहज बोटाच्या गाठीने ठोकलं तर ढब् असा पोकळ आवाज. सगळं सोलून काढलं. आता चुना आणि माती, आणि दरवर्षी थोडं लिंपणं आलंच. मालीतल्या जेन्नेच्या मशिदीला, आत्ताची इमारत १९०७ ची आहे, अख्खं गाव मिळून दरवर्षी नवा गिलावा करतं. तेवढी मोठी इमारत ते लोक करतात तर तुला तुझ्या चार भिंतींचं काय जड आहे.

आता बंदूक. यावर मी चिडणार आहे, आधीच सांगतो.

रात्री काय येतं ते तू बघितलंस का? नाही. तू आवाज ऐकलास आणि सकाळी पिसं मोजलीस. खुराड्याभोवती बारीक वाळूचा पट्टा पसर, हाताने सपाट कर, सकाळी पाऊल वाच. जाळी बघ, ती षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवायला असते, बाहेरच्याला अडवायला नाही. मुंगसासारखी सडपातळ जनावरं छोट्याशा फटीतून शिरतात. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लाव, फूटभर जमिनीत गाड, कडी अशी लाव की नुसती ढकलून उघडणार नाही. दहातल्या नऊ वेळा तिथेच काम संपतं आणि तुझे शेजारी ज्याला बंदुकीचं काम म्हणतायत ते दोन तासांचं पक्कड-तारेचं काम निघतं.

मी बंदुकीच्या विरोधात नाही, माझ्याकडे आहे, हे तुला माहितीय. कायदा आधी वाच, देशोदेशी वेगळा आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हौसेच्या शिकारीला आता जागाच नाही, काही देशांत मोसमाचा परवाना काढून शिकार करता येते, मी परवाना काढूनच करत आलो. पण कागद असला म्हणजे नजर आली असं नाही. साध्या पॉइंट टू टूच्या, म्हणजे अगदी छोट्या रायफलीच्या, काडतुसांच्या डबीवरसुद्धा छापलेलं असतं की गोळी दीड मैल जाऊ शकते. दीड मैलात काय काय येतं तुझ्या कुंपणापलीकडे? माहितीय? नाही ना. मग.

हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. शिकारीच्या सातव्या-आठव्या वर्षी, म्हणजे नवखा नव्हतो, एक हरणी टप्प्यात आली. अंतर शंभर पावलांच्या आत, वारा तोंडावर, ती आडवी उभी, पुढच्या पायामागची ती जागा स्पष्ट दिसतेय, श्वास सोडला आणि बार काढला. सगळं बरोबर केलं होतं, कुठल्याही शिकाऱ्याला विचार. ती जागच्या जागी कोसळली. आणि तिच्या मागून, गवतातून, एक पाडस उठलं आणि मागचा पाय ओढत पळालं. गोळी आरपार गेली होती. मी हरणीकडे बघत होतो, हरणीच्या मागे बघितलंच नव्हतं. तिथल्या गवतावर रक्त काळपट, हिरवट, घाण वास, म्हणजे आतडं फुटलेलं. अशा वेळी तासन् तास थांबायचं असतं, ते कुठेतरी बसतं, मागे लागलं तर मरेपर्यंत पळतं. मला हे सगळं पाठ होतं आणि मी तरी लगेच मागे धावलो कारण मला ते लवकर संपवायचं होतं, त्याच्यासाठी की माझ्यासाठी ते विचारू नकोस. रात्री दहापर्यंत शोधलं. तीन दिवसांनी कावळ्यांवरून सापडलं.

काकू म्हणते गवत कमरेएवढं होतं, दिसलंच नसतं. बरोबर आहे तिचं. पण दिसत नव्हतं तर बार काढायचा नव्हता, एवढी साधी गोष्ट आहे ना.

त्यानंतर मी दोन मोसम रायफलीला हात लावला नाही, मग लावला, तेही खरं. आता जागेवर बसतो आणि अर्धा वेळ दुर्बिणीतून जनावराच्या मागचं रान बघतो, बरोबरचे हसतात. हसू देत. डाव्या कानात तेव्हापासून, म्हणजे त्याच्याही आधीपासून, सतत रातकिडा वाजतो, उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या जास्त जवळ येतो म्हणून, कानात काही न घालता बार काढत होतो मूर्खासारखा. तू जर कधी घेतलीसच तर आधी कानाचं घे, मग कुलूपबंद पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात, मग शिकवणारा माणूस, आणि मग बंदूक. आणि हे सगळं वाळूतली पावलं वाचून झाल्यावर.

घराचं ऐक. आमची मागची भिंत परत बांधली, या वेळी अडीच फूट दगडावर, आणि वरच्या अंगाला चर खणून पाणी वळवून दिलं. तरी त्या कोपऱ्यात दरवर्षी ओल धरते. चर गाळाने भरतो, मी तो मृगाच्या आधी उपसतो, या वर्षी पाठ धरली म्हणून राहिलाय. घर चुकीच्या जागी आहे आणि आता उचलून ठेवता येत नाही.

तुझ्याकडे पाऊस अजून लागला नसेल तर बरंच. पहिला मोठा पडेल तेव्हा घरात बसून व्हिडिओ बघत राहू नकोस, गमबूट घाल, छत्री घे आणि जमिनीच्या वरच्या टोकापासून खाली पाण्याबरोबर चालत ये. कुठे फुटतं, कुठे वळतं, कुठे थांबतं. चुन्याच्या खुणा धुऊन जातील, लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या मार. आणि झुडपांच्या बुंध्यांचे फोटो काढून पाठव, मला नको, काकूच्या नंबरवर, ती बघून सांगेल.

तुझा,
काका